जुळ्यांचे दिवस कधी भरतात आणि बाळंतपण कुठे करावं?

प्रश्न: माझं वय २७, पहिलंच बाळंतपण आणि जुळं. उद्या, ३ जुलैला, ३२ आठवडे पूर्ण होतील. रिपोर्टवर तारीख २८ ऑगस्ट आहे. दोघांची वार वेगळी, पाण्याची पिशवी वेगळी. पहिलं बाळ डोक्याने खाली आहे, दुसरं आडवं. वजनं १७५० आणि १५०० ग्रॅम. माझं हिमोग्लोबिन ९.४ आहे, बीपी आणि साखर ठीक. पुण्यात आम्ही दोघंच राहतो. माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाला. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आई जुलैअखेर न्यायला येणार आहे. नॉर्मल होऊ शकेल का? बाळं पेटीत ठेवावी लागतील का? आतापासून पूर्ण झोपून राहू का? शेजारच्या काकू म्हणतात, जुळ्याचं सिझरच करतात.

उत्तर:

तुम्ही विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण मला जास्त काळजी वाटली ती तुम्ही सहज लिहिलेल्या एका वाक्याची, ‘आई जुलैअखेर न्यायला येणार आहे’ या वाक्याची. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

रिपोर्टवरची २८ ऑगस्ट ही तारीख ४० आठवड्यांची आहे. मशीन पोटात एक बाळ आहे की दोन, हे बघून तारीख बदलत नाही. घरातली माणसं त्या तारखेवरून मागे मोजतात आणि ‘अजून दोन महिने आहेत’ म्हणतात. नऊ महिने नऊ दिवस हा हिशोब एका बाळाचा आहे. जुळ्यांना तो लावायचा नसतो. वार वेगवेगळ्या असतील आणि बाकी सगळं सुरळीत असेल, तर जुळ्यांचे दिवस ३७ आठवड्यांना भरले असं आम्ही धरतो. कळा आपणहून आल्या नाहीत तर ३७ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण करून घेतो. त्यापुढे थांबलं तर वारेची ताकद दोन जिवांना पुरेनाशी होते आणि पोटातच बाळ दगावण्याचा धोका चढत जातो. तुमच्या बाबतीत ही तारीख येते ७ ते १४ ऑगस्ट. आणि ही झाली शेवटची मर्यादा. अर्ध्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आधीच येतात. म्हणजे आई न्यायला येईल तेव्हा तुम्हाला ३६ आठवडे झालेले असतील, कोयनेच्या खोऱ्यात पावसाचा जोर असेल आणि कळा गाडीतच सुरू होण्याची शक्यता अगदी खरी असेल.

हे उत्तर दुसऱ्या कुणी जुळ्यांच्या आईने वाचलं तर तिच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगते. या तारखा वेगवेगळ्या वारेच्या जुळ्यांच्या आहेत. वार एक आणि पिशव्या दोन असतील तर ३६ आठवड्यांच्या आसपास बाळंतपण करतात. वारही एक आणि पिशवीही एक असेल तर नाळा एकमेकींत गुंतू शकतात, म्हणून ३२ ते ३४ आठवड्यांतच सिझर करतात. वार एक असली की एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वळू शकतं. त्यासाठी साधारण १६व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी लागते. वार एक की दोन हे सगळ्यात स्पष्ट कळतं ते ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत. तेव्हा वारेची कड दोन पिशव्यांमधल्या पडद्यात त्रिकोणासारखी शिरलेली दिसते. पुढे पडदा पातळ होत जातो आणि सांगणं अवघड होतं. म्हणून तो पहिला रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. (आणि वार दोन म्हणजे बाळं एकसारखी नसणारच, असंही नाही. हुबेहूब जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जुळ्यांच्या वार वेगळ्याच असतात.)

आता जागेबद्दल. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक बाई मी विसरू शकत नाही. पहिलटकरीण, जुळं, ३२व्या आठवड्यात माझ्याकडे तपासून गेली. सगळं छान होतं. ‘त्रास झाला तर लगेच या’ एवढं सांगून मी तिला पाठवलं. ती माहेरी गेली. दोन आठवड्यांनी रात्री कळा सुरू झाल्या, जीप मिळायला तासभर गेला आणि जवळच्या छोट्या दवाखान्यात ती बाळंत झाली. दोन्ही बाळं जिवंत, रडलेली. पण दोघांनाही श्वासाला मदत हवी होती, आणि एका ठिकाणी एकच जागा रिकामी होती. पहाटे एक बाळ एका गावी गेलं, दुसरं तिथून ४० किलोमीटरवर दुसऱ्या गावी, आणि आई तिसरीकडेच सलाइन लावून पडलेली. वडील तीन ठिकाणी धावत होते. आईचा चीक बाळांपर्यंत पोचायला तीन दिवस लागले. धाकटं बाळ वाटेत गार पडलं होतं, ते सावरायला पुढे महिना गेला. त्या घरच्यांची यात काही चूक नव्हती. चूक माझी होती. बाळंतपण कुठे होणार, तिथे दोन बाळांची सोय आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून जुळ्यांच्या आईला मी हा प्रश्न २८व्या आठवड्यात विचारते आणि उत्तर कागदावर लिहून घेते.

बाळाला हलवायचंच असेल तर ते पोटात असताना हलवावं. तुमच्या गर्भाशयाइतकी चांगली रुग्णवाहिका अजून कुणी बनवलेली नाही. आत ऊब आहे, प्राणवायू आहे, धक्का बसत नाही. जन्मल्यानंतर दोन किलोचं बाळ घाटातून नेणं फार जोखमीचं.

म्हणून या आठवड्यातच पुण्यातल्या एका रुग्णालयात नाव नोंदवा आणि नोंदवताना चार गोष्टी तोंडाने विचारा. नवजात विभागात दोन बाळांना एकाच वेळी जागा आणि श्वासाला मदत करणारं सीपॅप यंत्र मिळेल का? रात्री दोन वाजताही बालरोगतज्ज्ञ बाळंतपणाला हजर राहतील का? भूल देणारे डॉक्टर चोवीस तास आहेत का? आणि रक्त त्याच इमारतीत मिळतं की आणावं लागतं, आणायला किती वेळ लागतो? ‘आम्ही बघू’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. खर्चाची अडचण असेल तर संकोच करू नका. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, आजारी बाळाचे उपचार आणि जाण्या-येण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. हा कार्यक्रम २०११पासून आहे आणि तो तुमचा हक्क आहे. खासगी ठिकाणी जाणार असाल तर बाळ आत ठेवण्याचा दिवसाचा खर्च आधीच विचारा आणि तो दोनाने गुणा.

माहेरपण हवंच असतं, ते मला कळतं. पहिल्या बाळंतपणात आईचा हात पाठीवर असावा असं कुणाला वाटत नाही? पण या वेळी माहेरच पुण्याला येऊ द्या. पुण्यात राहणं अगदीच शक्य नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे कराड. तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र तसं करायचं तर १७ जुलैच्या आत, म्हणजे ३४ आठवडे पूर्ण होण्याआधी जायचं, डॉक्टरांना तपासून विचारून जायचं आणि राहायचं कराडातच, नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊन. वरच्या गावात राहून ‘कळा आल्या की निघू’ हा बेत नको. त्या रस्त्यावर जुलै-ऑगस्टात कधी दरड येईल आणि कधी पुलावर पाणी चढेल, याचा भरवसा नसतो.

आता नॉर्मल की सिझर.

शेजारच्या काकूंचं म्हणणं सरसकट खरं नाही. जुळ्यांमध्ये बाळंतपणाचा मार्ग ठरतो पहिल्या बाळावरून, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी जे आहे त्याच्यावरून. ते डोक्याने खाली असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. दुसरं आडवं किंवा पायाळू असलं तरीही येतो. कॅनडातल्या डॉक्टरांनी यावर एक मोठा अभ्यास केला होता, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. २५ देशांतल्या २८०० बायका त्यात होत्या, सगळ्यांचं पहिलं बाळ डोक्याने. निम्म्या जणींचं ठरवून सिझर, निम्म्या जणींची नॉर्मलची तयारी. बाळांच्या जिवाला किंवा तब्येतीला ठरवून केलेल्या सिझरचा वेगळा फायदा दिसला नाही. पण त्यातलीच दुसरी गोष्टही माहीत असू द्या. नॉर्मलची तयारी असलेल्यांपैकी शंभरात ४४ जणींचं शेवटी सिझर झालं, आणि त्यातल्या साधारण चौघींचं पहिलं बाळ नॉर्मल आणि दुसऱ्यासाठी सिझर असं झालं. म्हणजे मनाची तयारी दोन्हीची ठेवा. पहिलंच बाळ पायाळू किंवा आडवं असेल तर मात्र सिझर बरं. हे सगळं ३६व्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतर पक्कं ठरवा. बत्तिसाव्या आठवड्याला आडवं असलेलं दुसरं बाळ पुढे फिरू शकतं, आणि पहिल्याच्या जन्मानंतर पुन्हा एकदा फिरू शकतं.

त्या क्षणी खोलीत काय चाललेलं असतं ते सांगते, म्हणजे इतकी माणसं बघून तुम्ही घाबरणार नाही. जुळ्याचं बाळंतपण आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा त्याला लागून असलेल्या खोलीत करतो. पहिलं बाळ बाहेर आलं, नाळ बांधली, बाळ बालरोगतज्ज्ञांच्या हातात गेलं. त्याच क्षणी माझी सहकारी तुमच्या पोटावर दोन्ही बाजूंनी तळवे ठेवते आणि दुसऱ्या बाळाला उभ्या रेषेत धरून ठेवते. पोटात अचानक मोकळी जागा झालेली असते, त्यात ते कुठेही वळू शकतं. मी पोटावर सोनोग्राफी लावून डोकं कुठे आहे ते बघते. कळा थोड्या मंदावतात, त्या वाढवायला सलाइनमधून औषध जातं. बाळ आडवंच राहिलं तर हात आत घालून त्याचा पाय शोधायचा असतो. पिशवी अजून फुटलेली नसते. बोटांना पातळ पडद्याआडून काहीतरी लागतं, हात असेल किंवा पाय. घाई करायची नाही. टाच शोधायची. टाच लागली तर पाय, नाही लागली तर तो हात, तो सोडून द्यायचा. दोन्ही टाचा हातात आल्या की कळेबरोबर हलकेच खाली आणायचं आणि बाळ पायांनी जन्मतं. हे सगळं बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत होतं. कण्यातली भूल घेतलेली असेल तर तुम्हाला दाब कळतो, वेदना फारशा नाहीत. जुळ्यांसाठी ती भूल मी सुचवते, कारण ऐन वेळी सिझर करावं लागलं तर त्याच नळीतून औषध वाढवता येतं.

हे कौशल्य हाताला सवयीचं असावं लागतं. तुमचे डॉक्टर मोकळेपणाने म्हणाले की दुसरं बाळ आडवं राहिलं तर मी सिझर पसंत करेन, तर त्यांच्यावर नाराज होऊ नका. स्वतःच्या हाताची मर्यादा सांगणारा डॉक्टर विश्वासाचा असतो. त्यांच्याकडे सिझर करा किंवा नॉर्मलचा सराव असलेल्या ठिकाणी आत्ताच जा. कळा सुरू झाल्यावर हा वाद घालू नका.

तुम्ही जे विचारलं नाही ते हिमोग्लोबिन. जुळ्यांच्या बाळंतपणात आईला सगळ्यात मोठा धोका असतो तो बाळंत झाल्यावरच्या रक्तस्रावाचा. दोन बाळं, दोन वारा आणि पाणी यांनी गर्भाशय इतकं ताणलेलं असतं की रिकामं झाल्यावर ते थकून ढिलं पडतं. दिवस भरत आले की गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहतं. वार सुटल्यावर त्या रक्तवाहिन्या दाबून बंद करायचं काम गर्भाशयाच्या आवळण्याचंच. ते आवळलं नाही तर काही मिनिटांत बाई पांढरी पडते. आमच्याकडे इंजेक्शनं असतात, आतून दाब देणारा फुगा असतो, रक्त असतं. पण ११ हिमोग्लोबिनची बाई जो रक्तस्राव सोसते, तो ९ची बाई सोसू शकत नाही. तुमच्या हातात पाच आठवडे आहेत. नुसत्या गोळ्यांनी एवढ्या वेळात ९.४चं ११ होईलच असं नाही. या आठवड्यात डॉक्टरांना विचारा की शिरेतून लोह देता येईल का. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ‘पुढच्या तपासणीला बघू’ नको. गोळी चालू असेल तर ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. दोन तास अंतर ठेवा, वर लिंबूपाणी घ्या. रक्तगट फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा आणि रक्त द्यायला तयार असलेल्या दोन माणसांचे नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये असू द्या.

पूर्ण झोपून राहू नका. जुळी आहेत म्हणून पलंगावर ठेवलं तर कळा पुढे जातात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट स्नायू ढिले पडतात, आणि पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुळ्यांमध्ये आधीच जास्त असतो, तो आणखी वाढतो. घरात फिरा, संध्याकाळी थोडं चाला, दुपारी डाव्या कुशीवर झोपा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटाखाली एक. उताणं झोपू नका. एवढं वजन पाठीमागच्या मोठ्या शिरेवर पडलं की चक्कर येते. उठताना आधी कुशीवर वळा, मग हातावर जोर देऊन बसा. तासन्‌तास उभं राहणं, बादल्या उचलणं, रोजचा लांबचा प्रवास हे मात्र आता बंद. जेवण दोनदा पोटभर जाणार नाही, कारण जठराला जागाच उरलेली नाही. सहा-सात वेळा थोडं थोडं खा. मोड आलेली मटकी, अंडं, ताक, नाचणीचं सत्त्व, मूठभर शेंगदाणे-गूळ. रात्री जेवल्यावर लगेच आडवं झालं तर घशाशी जळजळेल, तासभर बसा.

आता कशासाठी लगेच निघायचं ते. जुळ्यांच्या कळा बऱ्याचदा पोटात सुरूच होत नाहीत, कंबरेत सुरू होतात, पाळीच्या वेळी दुखतं तशा. दुखणं येतं, जातं, पुन्हा येतं. पोट अधूनमधून कडक होणं चालतं, पण तासाभरात चार-पाच वेळा झालं आणि पाणी पिऊन कुशीवर झोपूनही थांबलं नाही, तर फोन करत बसू नका, निघा. अंगावरून पाणी गेलं किंवा लाल गेलं तरीही निघा. पाणी गेल्यावर खाली नाळ आल्यासारखं काही हाताला लागलं तर गुडघ्यांवर ओणवं होऊन कंबर उंच ठेवा आणि १०८ला फोन करा. नाळ आत ढकलायचा प्रयत्न करू नका.

बीपी आज ठीक आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. जुळ्यांमध्ये ते शेवटच्या आठवड्यांत अचानक चढतं. मी माझ्या जुळ्यांच्या बायकांना ३२ आठवड्यांनंतर दर आठवड्याला बीपी आणि लघवी तपासायला बोलावते. न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, एका दिवसात सुजलेला चेहरा, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. पित्त झालं म्हणून सोडा पिऊन झोपलेल्या बायका मी झटके आल्यावर पाहिल्या आहेत. तळहात-तळपायांना रात्री खाज सुटत असेल आणि अंगावर पुरळ नसेल, तर त्यावर खोबरेल चोळून गप्प बसू नका. यकृताची आणि पित्ताम्लांची रक्ततपासणी लागते. त्याचा त्रास बाळांना होऊ शकतो.

हालचाल दोघांची वेगळी ओळखायला शिका. सोनोग्राफीच्या वेळी विचारून घ्या, पहिलं कुठे आणि दुसरं कुठे. तुमचं दुसरं आडवं आहे, म्हणजे त्याच्या लाथा एका कुशीत आणि डोक्याचा टणकपणा दुसऱ्या कुशीत जाणवेल. एक नेहमीचं चुळबुळ करतंय आणि दुसरं गप्प झालंय असं वाटलं तर ‘एक तर हलतंय ना’ म्हणून थांबू नका. वजनांतला फरक सध्या ठीक आहे. मोठ्यातून लहान वजा करून मोठ्याने भागायचं, तुमच्या बाबतीत २५० भागिले १७५०, म्हणजे १४ टक्के. २० टक्क्यांवर गेला तर नाळेतला रक्तप्रवाह बघणारी डॉप्लर तपासणी लवकर लवकर करावी लागते. पुढची वाढीची सोनोग्राफी १७ जुलैच्या आसपास करून घ्या.

कळा ३४ आठवड्यांच्या आत सुरू झाल्या तर बाळांची फुप्फुसं पक्व व्हायला तुम्हाला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. बहुतेक ठिकाणी डेक्सामेथासोन, दर १२ तासांनी एक अशी चार. त्या नावाला घाबरू नका. लवकर जन्मलेल्या बाळांचे जीव वाचवणाऱ्या सगळ्यात स्वस्त औषधांपैकी ते एक आहे. पण जुळं आहे म्हणून आत्ताच टोचून ठेवायचं कारण नाही. येत्या काही दिवसांत बाळंत होण्याची खरी शक्यता दिसली तरच त्याचा उपयोग. म्हणून लवकर पोचणं महत्त्वाचं. पुरा फायदा मिळायला पहिल्या इंजेक्शननंतर दिवसभराचा वेळ हाती लागतो.

पेटीचं म्हणाल तर आठवड्यावर अवलंबून आहे. ३४च्या आधी आली तर बहुधा आत ठेवावी लागतील. ३५-३६ची बाळं फसवी असतात. गुटगुटीत दिसतात, रडतात, आजी म्हणते ‘छान आहेत की’, आणि दुसऱ्या दिवशी अंगावर पिता पिता झोपतात, साखर उतरते, कावीळ चढते. त्यांना दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजावं लागतं. ओढायची ताकद नसेल तर दूध हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, उकळून घेतलेल्या. बाटली नको. बाळं आत असली तरी बाळंतपणानंतर सहा तासांच्या आत हाताने चीक काढायला सुरुवात करा. पहिल्या दिवशी चमचाभरही निघणार नाही, सिरिंजमध्ये थेंब थेंब गोळा करा, दोघांना वाटून द्या. दिवसरात्र मिळून आठ वेळा काढलं की चौथ्या-पाचव्या दिवशी दूध उतरतं. दोन बाळांना पुरेल एवढं दूध आईला येतं, मागणी आली पाहिजे. तोपर्यंत गरज पडली तर दुग्धपेढीतलं दूध मागा. आशियातली पहिली दुग्धपेढी आपल्याच मुंबईत, सायन रुग्णालयात, १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता पुण्यातही अशी सोय आहे.

आणि छातीशी धरा. कांगारू पद्धत म्हणतात तिला, कोलंबियातल्या बोगोटात १९७८ साली पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झाली. फक्त लंगोट आणि टोपडं घातलेलं बाळ उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये, वरून साडी किंवा पट्टा. जुळी असतील तर दोघं तिरकी, समोरासमोर. तुम्ही थकलात की एक बाबांच्या छातीवर. श्वास, ऊब, वजन, सगळ्यात फरक पडतो, आणि हे करायला मशीन लागत नाही.

आईला माझा एक निरोप द्या. अडीच किलोची होईपर्यंत बाळांना तेल लावून रगडून अंघोळ नको. खोलीत धुरी-शेगडी नको, गुटी आणि मध तर अजिबात नको. आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. त्यांना १० जुलैच्या सुमारास पुण्यात बोलवा, ठरल्यापेक्षा तीन आठवडे आधी. येताना अळीव, खारीक, मऊ झालेल्या जुन्या सुती साड्यांचे धुतलेले तुकडे आणि दोन वेगळ्या रंगांची टोपडी आणायला सांगा. पहिल्याचा रंग कुठला आणि दुसऱ्याचा कुठला हे आधीच ठरवून ठेवा. भिंतीवर एक कागद लावा, त्यावर दोन रकाने: कोण किती वाजता प्यायलं आणि लंगोट किती ओले केले. रात्री तीन वाजता, झोपेत, हे दोघांचं एकमेकांत मिसळतं, आणि तेव्हा आईला तो कागद वाचता आला पाहिजे, म्हणून अक्षर मोठं काढा.